पट्टी नसलेली बाटली

चिंचखांडच्या दवाखान्याला तीन पायऱ्या होत्या. सगळ्यात खालच्या पायरीवर बौद्धवाड्यातल्या बायकांनी आपापल्या बाटल्या मांडायच्या आणि चार हात मागे सरून उभं राहायचं, ही तिथली रीत. ती कुठे लिहिलेली नव्हती, म्हणून कुणाला पुसताही येत नव्हती. सहादेव कंपाउंडर वरून वाकून किटलीने धार धरायचा. हात असा बसलेला, की थेंब सांडत नसे. याचा त्याला अभिमानही होता.

बाकी गावाच्या बाटल्या तो हातात घ्यायचा, भरायचा आणि खळ लावून डोसाची पट्टी चिकटवायचा. कागदाची पट्टी, कडेला कात्रीने पाडलेल्या खाचा. एका वेळी एक खाच औषध उतरवायचं, की झालं. खालच्या पायरीवरच्या बाटल्यांना पट्टी नसे. पट्टी लावायची तर बाटली हातात धरावी लागते ना.

हे सगळं लिडिया साळवे आठ महिने बघत होती. ती इथली नर्स. आल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिच्या ते लक्षात आलं होतं, आणि औषध तर सगळ्यांना सारखंच मिळतंय, अशी तिने मनाची समजूत घातली होती. समजूत काही टिकत नव्हती. मंगळवार-शनिवारी डॉक्टर यायचे, बाटल्या भरल्या जायच्या, आणि लिडिया आत-बाहेर येरझारा घालत राहायची. बसायला म्हणून खुर्ची ओढायची आणि न बसताच पुढे जायची.

गप्प राहायला कारणही होतं. ती बनुबाईंच्या घरी एका खोलीत राहायची. बहात्तर सालचा तो वैशाख. गावातल्या विहिरी ठणठणीत, फक्त बनुबाईंच्या विहिरीला अजून घागरभर पाणी होतं. पहिल्याच दिवशी बनुबाईंनी विचारलं होतं, "बाई, तुमी मूळच्या कोन?"

"आम्ही नगरचे. मिशनच्या शाळेत शिकले," असं लिडिया म्हणाली होती. खोटं काहीच नव्हतं. पण त्या दिवसापासून त्या घरातलं पाणी तिला कधी घोटभर शांतपणे पिता आलं नाही.

त्या मंगळवारी राहीबाई आपल्या तीन वर्षांच्या छबीला घेऊन आली. दुष्काळी कामावर राहीबाई खडी फोडायची, पोर शेजारीच धुळीत बसायची. खोकून खोकून तिचे डोळे लाल झाले होते. सहादेवने बाटलीत मिक्श्चर ओतलं.

"दिसातनं तीन येळा. दोन दिस पुरंल."

"किती किती द्यायचं, दादा?"

"सहा भाग कर की मनानंच."

बुधवारी दुपारी राहीबाई धापा टाकत आली. "बाई, पोरगी उटंना. हाका मारल्या, हलवलं, तरी उटंना."

लिडिया चपला न घालताच धावली. छबीचा श्वास अगदी बारीक चालला होता, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या होत्या. त्या मिक्श्चरमध्ये झोप आणणारं औषध होतं. जास्त पोटात गेलं की श्वासच मंदावतो. उशाशी बाटली होती. राहीबाईने लुगड्याचा दोरा काढून बाटलीला अंदाजाने बांधला होता. बाटली गोड्या तेलाची, निसरडी. दोरा घसरून खाली आला होता, आणि दोऱ्यापर्यंत म्हणून तिने पोरीला एकदम तीन वेळचं औषध पाजलं होतं.

खडीच्या ट्रकमध्ये बसून दोघी जामखेडला निघाल्या. वाटभर लिडिया पोरीच्या तळपायांवर टिचक्या मारत होती, तिला हाका मारत होती. तालुक्याच्या दवाखान्यात दिवस मावळता मावळता छबीने डोळे उघडले आणि पाणी मागितलं.

राहीबाई लिडियाचे पाय धरायला वाकली. "माजीच चूक, बाई. आमाला अक्कल न्हाई."

ते ऐकून लिडियाला रडू फुटलं. पोर वाचल्याच्या आनंदाचं ते रडू नव्हतं.

शनिवारी डॉक्टरांनी रजिस्टरमध्ये लिहिलं : आईच्या निष्काळजीपणाने औषध जास्त दिले गेले. मग वही लिडियापुढे सरकवली. "सही करा."

लिडियाने आधी खाली एक ओळ लिहिली : बाटलीला पट्टी लावलेली नव्हती, कारण कंपाउंडरने बाटलीला हात लावला नाही, मी हे आठ महिने पाहत होते. मग सही केली. डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

ती कात्री, कागद आणि खळीची वाटी घेऊन बाहेर आली आणि खालच्या पायरीवर बसली. राहीबाईची बाटली तिने हातात घेतली. बाकी गावाच्या रांगेत बनुबाई पुढेच उभ्या होत्या, बाटली भरून झालेली, पट्टी लावायची राहिलेली.

सहादेवने किटली खाली ठेवली. "बाई, मी कुनाला औषध न्हाई म्हनलोय का? समद्यांना सारकंच देतो. आता त्या हातानं बाकीच्या बाटल्यांना शिवू नगा."

"याच हाताने शिवणार, सहादेव. या गावातली नऊ बाळंतपणं याच हातांनी केलीत. माझे आजोबा अशाच एका पायरीखाली उभे राहायचे. बनुबाई, तुम्ही विचारलं होतंत ना, त्याचं हे उत्तर. आणा बाटली."

बनुबाईंनी भरलेली बाटली छातीशी धरली आणि त्या पाठ फिरवून चालू लागल्या. पट्टीशिवाय. तेवढ्यात राहीबाईच पुढे झाली.

"आजीबाई, अंदाजानं नगा घिऊ. माजी पोर जाता जाता ऱ्हायली."

बनुबाई थांबल्या. मग परत येऊन त्यांनी बाटली पायरीवर ठेवली आणि चार हात मागे सरल्या. लिडियाने पट्टी कापली, चिकटवली आणि बाटली पायरीवर न ठेवता हात पुढे करून धरली. बनुबाईंनी ती पदराने घेतली.

दुपारी लिडिया घरी गेली, तेव्हा तिची पेटी आणि वळकटी ओट्यावर आणून ठेवलेली होती. दार अर्धवट उघडं होतं. पेटी उचलताना तिची नजर आतल्या कोनाड्याकडे गेली. तिथे बनुबाईंची बाटली होती, आणि औषध बरोबर पहिल्या खाचेपर्यंत उतरलं होतं.

लिडियाने पेटी डोक्यावर घेतली आणि बौद्धवाड्याची वाट धरली. मंगळवारपर्यंत साठ पट्ट्या कापायच्या होत्या.