एका सिलिंडरचं घर

"धर नीट. हलतंय."

मेधाने प्लायवूड दोन्ही हातांनी दाबून धरलं आणि तोंड दुसरीकडे फिरवलं. सदानंदने ड्रिल चालू केलं. भुसा तिच्या केसांत उडाला. दोन खोल्यांच्या मधलं ते किचन, एक दार या खोलीतून, एक त्या खोलीतून. पाच वर्षं दोन्ही दारं दिवसभर उघडी असायची. आता ओट्यापासून समोरच्या भिंतीपर्यंत फळी उभी राहत होती. सदानंदच्या वर्कशॉपमध्ये कॉम्प्रेसरच्या खोक्याची फळी फुकट मिळाली होती. 'ही बाजू वर' असा तिच्यावर छापलेला बाण आता आडवा होऊन मुनाफच्या बाजूला गेला होता.

"सदाभाऊ, माझी कढई त्या अंगाला राहिली," पलीकडून महमुदाचा आवाज आला.

"मग अंगणातून फिरून या आणि घेऊन जा."

"अंगणातून?"

"आता तोच रस्ता."

मेधाने एका हाताने फळी धरून दुसऱ्या हाताने कढई उचलली आणि फळी भिंतीला टेकायच्या आत फटीतून तिकडे सरकवली. सदानंदने ते बघितलं आणि पुढचा स्क्रू जरा जास्तच जोरात आवळला. फळी पातळ होती आणि स्क्रू लांब. टोकं पलीकडे निघाली असणार हे त्याला हाताखाली कळलं. तीस वर्षांचा असल्यापासून तो मशीनं उघडत होता, स्क्रू आरपार गेला की मनगटाला समजतं. पण पलीकडे काय होतंय ते बघायची त्याला इच्छा नव्हती.

मुनाफ दुकानातून आला तेव्हा फळी उभी झाली होती. मुनाफ इथे आखातात, मनामाच्या बाजारात एका कापडवाल्याकडे क्लार्क होता. दापोलीकडचा. सदानंद गुहागरचा. घराचा भाडेकरार मुनाफच्या नावावर, निम्मं भाडं सदानंद द्यायचा. मुनाफ अंगणातून फिरून सदानंदच्या खोलीत आला आणि दारात उभा राहिला.

"हे काय काढलंस?"

"किचन वेगळा केला. कंपनीनं सांगितलाय."

"मला बोलायचं तरी. मी नाय म्हटलं असतं काय?"

"तुम्हाला बोलायची काय गरज मुनाफभाई? तुम्हाला सगळं आधीच ठाऊक असतं."

मुनाफने त्याच्याकडे बघितलं. मग ओट्याखाली बघितलं. सिलिंडर सदानंदच्या बाजूला राहिला होता आणि त्याचा एक पाइप फळीखालच्या भोकातून महमुदाच्या शेगडीकडे गेला होता.

"कॉक तुझ्याकडं ठेवलास वाटतं."

"भीती वाटते काय?"

"मला कशाला वाटेल?" मुनाफ म्हणाला आणि आला तसा परत गेला.

हे सगळं एका पत्राने केलं होतं.

शहाऐंशी साल. तेलाचा भाव पडला होता. तेलाचा भाव चढला तेव्हा सदानंदच्या पगारात काही चढलं नव्हतं, पण पडला तेव्हा पहिला घाव त्याच्या घरभत्त्यावर बसला. कंपनीने कामगारांची दोन भागांत वाटणी केली: ज्याचं राहतं घर स्वतंत्र, त्याला पूर्ण भत्ता आणि फॅमिली स्टेटस. ज्याचं सामाईक, त्याला निम्मा भत्ता, आणि बायकोला महिन्याभरात परत पाठवायचं. नवरा अस्करजवळच्या कामगारांच्या कॅम्पात, एका खोलीत आठ बंक. जुफैरला मॅनेजरांच्या बंगल्यांत दोन दोन किचनं होती, एक साहेबाच्या बायकोचं, एक स्वयंपाक्याचं. तिथे कुणी पट्टी घेऊन गेलं नाही.

पत्र इंग्रजीत होतं. सदानंदला इंग्रजी आकडे यायचे, स्पेअर पार्टांची नावं यायची. पत्र त्याने नेहमीसारखं मुनाफकडेच नेलं. सदानंदचे सगळे अर्ज, रजा, मेधाचा विसा, सगळं पाच वर्षं मुनाफनेच टाइप केलं होतं. मुनाफने चष्मा लावला, वाचलं आणि मराठीत सांगितलं: किचन एकच. सिलिंडर एकच. दोन कुटुंबं. एक्क्याऐंशीपासून. म्हणून घर स्वतंत्र धरता येत नाही.

"त्यांना सिलिंडर कसा ठाऊक?" सदानंदने विचारलं.

"कोण जाणे."

"साल पण ठाऊक?"

"लिवलंय तसं वाचतोय मी."

त्या क्षणी सदानंदच्या डोक्यात किडा शिरला. घरात चारच माणसं. तो आणि मेधा. मुनाफ आणि महमुदा. सिलिंडरचं बाहेर सांगणारं पाचवं कोण? इंग्रजीत लिहिता येणारं तर एकच.

किडा एकदा शिरला की त्याला खायला मिळतंच. महमुदाचा भाऊ लतीफ विसाच्या मागे होता. तो आला की राहणार कुठे? सदानंदच्या खोलीत! गेल्या शुक्रवारी मुनाफ फुटपट्टी घेऊन किचनची लांबी-रुंदी मोजत होता. सदानंद आत आला तशी त्याने पट्टी खिशात घातली. शिवाय हल्ली नवराबायको दार लोटून बोलायची.

"त्यांना खोली हवी हाय," सदानंद मेधाला म्हणाला. "आपल्याला हुसकायचं हाय."

"महमुदाभाभी असं करायच्या नायत."

"भाभी नसतील करत. तो करील."

"काय तरीच तुमचं. तापात मला पेज कोणी भरवली?"

"पेज भरवली म्हणून खोली देतात काय कोण?"

लग्नाला अकरा वर्षं झाली होती. त्यातली पहिली सहा ती गुहागरला सासूजवळ आणि तो इथे. दोन वर्षांनी एकदा सुट्टी, साठ दिवसांची, त्यातले दहा दिवस लोकांच्या वस्तू पोचवण्यात. नवऱ्याला डाळीत आंबट किती लागतं हे तिला लग्नानंतर सातव्या वर्षी, या किचनमध्ये कळलं. तिला परत जायचं नव्हतं. ती हे कुणाला बोलून दाखवत नव्हती, पण तिने फळी धरली होती ती त्यासाठीच.

सदानंदने या वेळी मुनाफला टाळून बाजारातल्या एका टायपिस्टकडून अर्ज करून घेतला: किचन वेगळं आहे, येऊन बघा.

फळी लागल्यावर दुसऱ्याच दिवशी महमुदाच्या बोटाला चिंधी दिसली. मेधाने अंगणात विचारलं, "काय लागलं?" महमुदा म्हणाली, "काय नाय, विळी." पण विळी तर मेधाच्या बाजूला राहिली होती. मेधाने हे नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "मग काय करू?"

आठवड्याने गुरुवारी दुपारी कंपनीचा माणूस आला. पर्सोनेलमधले बाळाजी. ठाण्याचे, चाळिशीचे, सफारी सूट, काखेत फाइल. मेधाला हायसं वाटलं. आपला माणूस पाठवला. याच बाळाजींना गणपतीत सदानंदनेच आग्रह करून घरी आणलं होतं. या खोलीत, कपाटावर, वीतभर मूर्ती बसवली होती.

"वहिनी, तुमचे मोदक अजून आठवतात हं," बाळाजी खुर्चीवर बसत म्हणाले.

"तेव्हा तीनच खाल्लेत. चहा टाकते."

"आधी काम उरकू."

ते किचनमध्ये गेले. फळीवर बोटाने टकटक केलं. खाली वाकून भुसा बघितला. कोपऱ्यात अजून होता. मग पाइप बघितला.

"प्लाय नवीन दिसतोय."

"जुना हाय साहेब," सदानंद म्हणाला.

बाळाजी अंगणातून फिरून पलीकडे गेले. सदानंद मागोमाग. महमुदा ओट्याशी उभी होती, पदर डोक्यावर, चिंधीचं बोट मुठीत. मुनाफही जेवायला घरी आला होता. आता हे दोघं बोलणार आणि खलास.

"भाभी, ही पडदी केव्हापासून आहे?" बाळाजींनी विचारलं.

"सुरवातीपासून," महमुदा म्हणाली. "आम्ही आलो तेव्हापासून किचन वेगळा."

सदानंदने तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

मुनाफ उठला, गादीखालून एक कागद काढला आणि बाळाजींना दिला. टाइप केलेला होता. "मी मुख्य भाडेकरू. लिहून दिलंय. दोन किचनं हायत, प्रत्येकी सहा फूट बाय साडेचार. खाली सही हाय माझी."

सहा बाय साडेचार. पट्टी त्यासाठी होती तर. सदानंदच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पण किडा लगेच मरत नाही. त्याला वाटलं, आता पकडला जाईल म्हणून सारवासारव करतोय.

बाळाजींनी कागद वाचला, घडी केली आणि मुनाफच्या हातात परत ठेवला. "हा मी बघितला नाही. खोटं डिक्लेरेशन फाइलला लागलं तर तुमच्या विसावर येईल."

"खोटं कसं?"

"अहो मुनाफभाई, मी हे किचन बघितलंय. गणपतीत." मग ते सदानंदकडे वळले. त्यांचा आवाज ऑफिसातला झाला. "आज काय आहे त्याने फरक पडत नाही. सर्व्हेची तारीख गणपतीचा दुसरा दिवस आहे. त्या दिवशी जे होतं ते धरलंय."

"कसला सर्व्हे? त्या दिवशी कोण आलं होतं?"

"मी आलो होतो ना."

ओट्यावर महमुदाची डाळ शिजत होती, तेवढाच आवाज. फळीपलीकडे मेधाच्या हातातली कपबशी वाजायची थांबली.

"वहिनींनी सांगितलं, महमुदाभाभी पाचही दिवस घरात मासळी आणणार नाहीत, किचन एकच म्हणून. आणि तुम्ही म्हणालात, साहेब, एक्क्याऐंशीपासून एकच सिलिंडर, एकदा भांडण नाही. मी तेच फॉर्ममध्ये लिहिलं." बाळाजींनी फाइल काखेत घट्ट केली. "भांडणाला कॉलम नव्हता."

सदानंदला आठवलं. आरतीचं ताट हातात होतं. त्याने छाती फुगवून सांगितलं होतं. त्या पाच दिवसांत जो येईल त्याला त्याने हेच सांगितलं होतं. कोकणातला माणूस पाहुण्याला घरातली भांडणं दाखवत नाही, घरातली एकी दाखवतो. पदार्थ वाढावा तशी ती वाढतो. आणि हा माणूस मोदक खाता खाता ती मोजत होता.

"फॉर्म तेव्हाच खिशात होता तुमच्या?" सदानंदने विचारलं.

"मला वीस घरं दिली होती. माझंसुद्धा फॅमिली स्टेटस रिव्ह्यूला आहे, सदानंद."

ते खरं असेल, नसेलही. तिथे उभ्या असलेल्या कुणी त्यावर विश्वास ठेवला नाही. मेधाने चहा केला होता. बाळाजी थांबले नाहीत. तो चहा तिने मोरीत ओतला.

"पाया पडून गेला तो गणपतीच्या," ती म्हणाली. "मी त्याला डबा भरून दिला होता बायकोसाठी."

सदानंद तिला बोलणार कुठल्या तोंडाने? सिलिंडर त्याच्या तोंडचा होता. साल त्याने सांगितलं होतं. मुनाफला मात्र त्याने तेव्हाच जाऊन काहीतरी म्हणायला हवं होतं, ते त्याने म्हटलं नाही. एक दिवस गेला, मग दुसरा. तिसऱ्या दिवशी ते अवघड झालं आणि आठव्या दिवशी अशक्य. अंगणात समोरासमोर आले की मुनाफ "काय सदा" म्हणायचा आणि तो "हां" म्हणायचा. एवढंच.

मेधा महिन्याच्या अखेरीला गेली. निघताना ती अंगणातून फिरून महमुदाकडे गेली आणि विळी तिच्या ओट्यावर ठेवली.

"तुमच्याकडं नाय ना, म्हणून," ती म्हणाली.

महमुदाने चिंधीच्या बोटाकडे बघितलं आणि पदर डोळ्यांना लावला. "पोचल्यावर पत्र टाक गं. मुनाफ वाचून दाखवील मला."

दोन दिवसांनी सदानंदची कॅम्पात जायची पाळी आली. ट्रंक दाराशी, वळकटी बांधलेली. कंपनीची पिकअप चार वाजता येणार होती. साडेतीनला तो स्क्रू ड्रायव्हर घेऊन फळीशी उभा राहिला आणि पहिला स्क्रू फिरवला.

"सदाभाऊ, काय करता?" पलीकडून आवाज.

"काढतो ही. किचन होता तसा करून देतो."

मग महमुदा म्हणाली, "राहू दे."

"कशाला भाभी? तुम्हाला मोकळं होईल."

"घरमालक हाजी नवीन बिऱ्हाड आणणार हाय. लतीफचा विसा तर मफी झाला, मिळालाच नाय." ती थांबली. "कोण येईल काय ठाऊक. असलेली बरी."

सदानंदच्या हातातला स्क्रू अर्धा बाहेर आला होता. त्याने तो परत आत बसवला. मग हत्यारांच्या पिशवीतून कानस काढली आणि फळी लावल्यापासून पहिल्यांदाच स्वतःहून, कुणाच्या मागे नाही, अंगणातून फिरून पलीकडच्या दारात गेला.

"येऊ?"

महमुदा बाजूला झाली. मुनाफ पलंगावर होता, त्याने वर्तमानपत्र खाली केलं.

फळीच्या या अंगाला आडव्या बाणाभोवती अकरा टोकं बाहेर आली होती. पाव इंच, अर्धा इंच. ओट्याच्या उंचीच्या दोन टोकांवर कापडाचे बोळे बसवून दोऱ्याने बांधले होते. सदानंदने ते बोळे सोडले आणि ओट्यावर ठेवले. उकिडवा बसला आणि खालच्या टोकापासून सुरुवात केली. कानशीचा आवाज कर्कश होता. कुणी कानावर हात ठेवला नाही. एक टोक फळीशी सपाट झालं की तो पुढच्याकडे जायचा. लोखंडाचा कीस खाली पडत होता.

बाहेर पिकअपचा हॉर्न वाजला. "यल्ला, सदा!"

"बोलावतात तुला," मुनाफ म्हणाला.

"अजून चार राहिली."

मुनाफ उठला, दारात गेला आणि ड्रायव्हरला हात करून थांबवलं.

शेवटचं टोक झालं. सदानंदने कानस पिशवीत टाकली. मग उघडा तळवा फळीवर ठेवला आणि वरून खालपर्यंत सावकाश फिरवला. कुठे टोचलं नाही. त्याने पुन्हा एकदा फिरवला.