पहिलं गिऱ्हाईक

थोआने स्कूटर नदीकाठच्या झाडाखाली उभी केली आणि मागे बसलेल्या पाहुण्याला पुढे पिटाळलं.

"त्या निळ्या छत्रीखाली जाऊन बसा. नुसतं एक बोट दाखवा, वाडगा येईल. मी गाडी लावून आलेच."

गाडी तर लागलेलीच होती. पण योरिस, व्हिएतनामच्या या ह्वे शहरात फक्त खायला आलेला हा उंच डच माणूस, शहाण्यासारखा रस्ता ओलांडून गेला. थोआ हेल्मेटही न काढता तिथेच थांबली.

हा डाव तिने गेल्या काही महिन्यांत शिकून घेतला होता. नवरा गेल्यापासून तिच्या शर्टावर इथल्या लांबलचक सुतकाची खूण म्हणून काळ्या कापडाचा चौकोन टाचलेला असे, आणि सुतकातल्या बाईने कुणाची बोहनी करायची नसते हे इथे शेंबड्या पोरालाही ठाऊक. तोंडावर कुणी काही बोलत नसे. "जरा थांब हं ताई, अजून उकळी यायचीय," एवढंच म्हणत. पाहुण्यांना स्कूटरवरून गल्लोगल्ली फिरवून खाऊ घालायचं हाच तिचा धंदा, आणि चांगलं ते सगळं सकाळीच संपतं. म्हणून ती पाहुण्याला आधी पाठवायची आणि बोहनी झाली की मागून जायची. त्यामुळे कुणालाच अवघडायला होत नसे.

ही छत्री मात्र हल्ली तिच्या फेरीत नसे. ती तिच्या सासूची होती. योरिसने कुठल्याशा मासिकात सासूच्या शेवयांच्या तिखट रश्श्याचा फोटो पाहिला होता आणि तो हट्टालाच पेटला. थोआकडे या आठवड्यात दुसरा पाहुणा नव्हता.

पुराच्या दिवशी गल्लीत पाणी शिरू लागलं तेव्हा सगळं शहर करतं तेच तिच्या नवऱ्याने, लुआननेही केलं. बायकोची हीच स्कूटर नेऊन उंच पुलावर लावली. थोआच म्हणाली होती, "आधी गाडी ठेवून ये, मग बाकीचं बघू." परत येताना गल्लीच्या तोंडाशी पाण्याने त्याला ओढून नेलं. अंत्यविधीला सासू सगळ्यांदेखत एवढंच म्हणाली, "लोखंड तेवढं वाचवलंस." तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद. थोआ रोज त्याच लोखंडावर बसून पोट भरत होती. सासूने आपल्याला पुन्हा एकदा घरचं म्हणावं, ही आस काही तिला सुटत नव्हती.

पलीकडे म्हाताऱ्या सासूने वाडगा भरला. योरिसने आत डोकावून पाहिलं. डुकराचा पाय, आणि गोठलेल्या रक्ताचे काळपट तुकडे. त्याने पोटावर हात फिरवला, गोड हसला, हात जोडले आणि उठला. घास खाल्ला नाही, पैसेही दिले नाहीत.

पहिलंच गिऱ्हाईक बसून उठून जाणं, याहून वाईट सकाळ विकणाऱ्याच्या नशिबी नसते. म्हातारी काडेपेटी शोधायला लागली. आता कागद पेटवून सगळ्या मांडामांडीवरून फिरवायचा, म्हणजे आलेली पीडा टळते. पीडा आणली कुणी, याबद्दल थोआला काडीची शंका नव्हती.

"सकाळी सकाळी रक्त नाही हो जमणार मला," योरिस परत येऊन म्हणाला. "त्यांना वाईट तर नाही ना वाटलं?"

"इथेच थांबा," म्हणून ती रस्ता ओलांडून गेली.

"घ्या," शेजारची चहावाली म्हणाली. "एवढ्यावर भागलं नव्हतं, म्हणून ही आली."

थोआ छत्रीबाहेरच उभी राहिली. "आई, तो पाहुणा माझा होता. चूक माझी आहे. मी बसत नाही. कोपऱ्यावरून कुणाला तरी पाठवते, तो बोहनी करेल."

"भरलेला वाडगा परत पातेल्यात ओतू का?"

"तसं नाही, पण मी..."

"बस म्हटलं ना."

ती ठेंगण्या स्टुलावर बसली. गवती चहाचा तो वास, तोच झणका. लुआन दोन वाडगे संपवायचा. तिने मान वर न करता सगळं खाल्लं आणि मग तिची पंचाईत झाली. पैसे द्यावेत तर विधवेची बोहनी, न द्यावेत तर आणखी एक फुकटचं गिऱ्हाईक. शेवटी तिने दोन्ही हातांनी नोट पुढे केली.

"ठेव ते," सासू म्हणाली. "घरच्यांकडून बोहनी होत नसते."

नोट धरलेले हात तसेच राहिले. म्हातारीने वर्तमानपत्राचा कागद पिळला, काडी ओढली. थोआ गडबडीने उठायला गेली. ज्याची पीडा त्यानेच निघून जायचं, एवढं तिला कळत होतं.

"हलू नकोस."

पेटता कागद पातेल्यावरून फिरला, स्टुलांवरून, छत्रीच्या दांड्यावरून. मग म्हातारी वळसा घालून आली आणि तोच जाळ तिने थोआच्या खांद्यांभोवती फिरवला, पाठीवरून खाली नेला. चहावाली बघतच राहिली. उरलेलं टोक गटारात टाकून म्हातारीने दुसरा कागद घेतला.

"गाडी कुठे लावलीस?"

"पलीकडे. झाडाखाली."

"आण इकडे," सासू कागद पिळत म्हणाली. "तिच्यावरूनही फिरवायचाय."

थोआ किल्ली हातात घेऊन निघाली. तिला रस्ता नीट दिसत नव्हता, म्हणून ती कडेलाच जरा थांबली.