गणिताच्या बाई फाटकाबाहेर

मी कुलूप बोलतोय. घराचं नव्हे, तिजोरीचं तर मुळीच नव्हे. आनो पेत्रीना गावच्या सरकारी हायस्कूलच्या फाटकावर वर्षातून चार-सहा दिवस लटकणारं पितळी कुलूप. उरलेलं वर्ष हेडसरांच्या टेबलाच्या खणात, तुटके खडू आणि गुडघ्याच्या मलमाच्या ट्यूबा यांच्या सोबतीनं. कुलपाचा स्वभाव म्हणे थंड असतो. माझा नाही. मला एका जागी चैन पडत नाही, आणि नेमका जन्म असा मिळाला की जिथे अडकवतील तिथे अडकून राहायचं.

जन्म ग्रीसमधल्या पिरेअस बंदराजवळच्या एका कारखान्यातला. ओतलं, घासलं, दोन किल्ल्या बांधल्या आणि डोंगरावरच्या या गावात बार्बा-थोमासच्या दुकानी पाठवलं. बार्बा-थोमास म्हणजे सगळ्या गावाचा म्हातारा काका. ऑलिव्ह झाडायच्या जाळ्या आणि उंदरांचे सापळे यांच्या मधल्या खिळ्यावर त्यानं मला टांगलं. माझ्या एका किल्लीनं तो रंगाचे डबे उघडायचा. एके दिवशी ती डब्यातच पडली आणि डबा विकला गेला. उरली एक.

नऊ वर्षांपूर्वी व्लासिस नावाचा एक उंच मुलगा दुकानात आला. मला दहा वेळा उघडून-मिटून पाहिलं आणि म्हणाला, "बार्बा, हे तुटत तर नाही ना?"

"तुझं डोकं तुटेल, हे तुटायचं नाही. कशाला हवंय?"

"शाळेला."

"मग उद्यापासून शाळा बंद म्हण की!" म्हातारा खो-खो हसला.

आमच्याकडे नोव्हेंबर आला की ऑलिव्ह काळे पडतात आणि हायस्कूलची पोरं शाळा ताब्यात घेतात. दोन्ही गोष्टी ठरलेल्या. पोरं अंगणात सभा भरवतात, हात वर करतात, फाटकाला साखळी घालतात, मागण्यांचा कागद डकवतात. मास्तर मंडळी समोरच्या कॉफीच्या दुकानात जाऊन बसतात. पोरं आत पत्ते खेळतात. आया फाटकाच्या गजांतून पालक आणि चीज भरलेल्या गरम वड्या आत देतात आणि देता देता शिव्याही देतात. चार दिवसांनी पाऊस लागतो, पोरांना कंटाळा येतो, कुलूप निघतं. मागण्यांचा कागद दरवर्षी तोच. एका वर्षी तर वरची तारीखसुद्धा बदललेली नव्हती.

हेडसर सोतीरिस मला मग खणात टाकायचे, आणि तो खण उघडाच ठेवायचे. पुढच्या नोव्हेंबरात मी "चोरीला" जायचो. गंमत सांगतो, चोरी व्हायच्या आदल्या आठवड्यात ते मला स्वतः तेल घालायचे. "फाटकाचा कोयंडा तोडू नये कार्ट्यांनी," असं पुटपुटत. असा सगळा खेळीमेळीचा कारभार होता. मला मात्र त्या खेळाची लाज वाटायची. खणात पडून कंटाळायचो आणि फाटकावर टांगला की शरमायचो.

यंदा तसं झालं नाही. यंदा मुलांच्या कमिटीची अध्यक्ष गारिफालिया होती.

शेवटच्या वर्गातली मुलगी. सतरा वर्षांची, नाकावर घसरणारा चष्मा, बोटांना कायम पेनाची शाई. तिला इंजिनियर व्हायचं होतं, पुलांचं. त्यासाठी जूनमधल्या देशभरच्या परीक्षेत गणितात वरचे गुण हवेत. आणि आमच्या शाळेत सप्टेंबरपासून गणिताला शिक्षकच नव्हता. डोंगरावर कायमचं कोणी येत नाही. येतात ते हंगामी, सरकारी यादीतून, तेही यादी लागली तर. शहरातली मुलं शिकवणीला जातात. आमचं शहर पंचावन्न किलोमीटर खाली, बस दिवसातून एक. म्हणून गारिफालिया जुन्या पुस्तकावरून स्वतः शिकायची आणि दुपारी वर्गातल्या नऊ जणांना फळ्यावर शिकवायची. अडलं की खडू दाताखाली धरून उभी राहायची. खणातून मला ते दिसत नव्हतं, पण हेडसर कॉफी पिताना बायकोला फोनवर सांगायचे, "पोरगी एकटी ओढतेय गं गाडा. मला बघवत नाही."

सोमवारी सभा झाली. मी तिच्या हातात होतो. तिचा तळवा घामानं ओला होता.

"यंदा पत्ते नाहीत," ती म्हणाली. "मागणी एकच. गणिताचा शिक्षक. तो येईपर्यंत फाटक उघडणार नाही."

हेडसर फाटकाबाहेरच्या कठड्यावरून म्हणाले, "अगं बाई, कुलूप लावून मास्तर येतो का?"

"न लावता तरी कुठे आला, सर?"

हेडसर मान हलवत कॉफीच्या दुकानाकडे वळले. पण लाम्बिस गप्प बसणारा नव्हता. तो तिच्याच वर्गातला, वांड, जिभेला हाड नाही. "तू न उघडणार? उद्या आईनं डोळे वटारले की पळत येशील किल्ली घेऊन! गेल्या वर्षीचा अध्यक्ष निदान दोन दिवस टिकला होता."

सगळे हसले. गारिफालियाचे कान लाल झाले. तिनं साखळीत मला अडकवून खटकन दाबलं, किल्ली काढली, आणि कोणी काही म्हणायच्या आत शाळेमागच्या घळीत भिरकावली.

"घे. आता उघडून दाखव."

टाळ्या पडल्या. शिट्ट्या वाजल्या. अरे, एकुलती एक किल्ली होती ती! आमच्या गावच्या लोकांना कोणी डिवचलं की ते आधी फेकतात आणि मग खाली किती खोल आहे ते बघतात.

जायला-यायला पोरांना माझी गरज नव्हतीच. मागची भिंत आहे, पुरुषभर उंच, काटेरी झुडपांनी वेढलेली. तिच्यावरून चढण्यात सगळ्यांचा हातखंडा. मंगळवारी आत ऑफिसातला फोन वाजायला लागला. वाजतोय, वाजतोय. ऑफिसला हेडसरांचं कुलूप, त्यामुळे उचलणार कोण? लाम्बिस नाचायला लागला. "शिक्षण खातं घाबरलं! वाजू दे, वाजू दे!" बुधवारीही तेच. प्रत्येक घंटीला पोरं टाळ्या पिटायची. मला उगाच हुरहुर लागली होती. धमकी देणारा माणूस दोन-तीनदा फोन करतो. हा फोन तर कोणी रडकुंडीला येऊन करावा तसा सारखा वाजत होता.

गुरुवारी दुपारी बाराच्या पुढे एक छोटी निळी गाडी फाटकाशी थांबली. टपावर गादी बांधलेली. आतून तिशीतल्या एक बाई उतरल्या, केस विस्कटलेले, डोळे तांबारलेले. त्यांनी फाटकावरचं फडकं वाचलं. 'गणिताचा शिक्षक द्या!' मग माझ्याकडे पाहिलं. मग आतल्या पोरांकडे.

"मीच ती," त्या म्हणाल्या. "एव्दोकिया. गणित. उत्तरेहून आलेय, कालपासून गाडी चालवतेय. दोन दिवस फोन करतेय शाळेला, कोणी उचलतच नाही."

एकेचाळीस पोरांनी एकदम आपापल्या बुटांकडे पाहिलं.

हेडसर कॉफीच्या दुकानातून लंगडत धावत आले. बाईंनी नेमणुकीचा कागद दाखवला तसा त्यांचा चेहरा पांढरा पडला. आज गुरुवार. आज दोनच्या आत बाई रुजू झाल्याचा कागद खात्याकडे गेला नाही तर नेमणूक रद्द, आणि पुढची यादी थेट जानेवारीत. नेमणुकीची सूचना मंगळवारीच शाळेच्या कॉम्प्युटरवर येऊन पडली होती. कॉम्प्युटर ऑफिसात. हजेरीची वही ऑफिसात. शिक्का ऑफिसात. कागद हेडसरांनी स्वतःच, त्या कॉम्प्युटरवरून पाठवायचा असा नियम. आणि ऑफिस माझ्या पलीकडे.

"मागून या ना, सर," एक मुलगा म्हणाला. "भिंतीवरून. आम्ही चौघं उचलतो तुम्हाला."

"चौघांनी उचलायचे दिवस अजून आले नाहीत रे माझे!" हेडसर ओरडले. त्यांचे दोन्ही गुडघे गेलेले. "किल्ली कुठाय? गारिफालिया, किल्ली!"

ती गजांना धरून उभी होती. "फेकली, सर."

"कुठे?"

तिनं घळीकडे बोट दाखवलं. दोन महिने जिची वाट पाहिली ती बाई हातभर अंतरावर उभी होती, आणि मध्ये मी. मला इतकी शरम आयुष्यात कधी वाटली नाही. उघड रे, उघड, असं मी स्वतःला शंभरदा म्हणालो. पण कुलपाच्या म्हणण्यानं कुलूप उघडत नाही.

लाम्बिस कोणाला न विचारता घळीत उतरला. अर्ध्या तासानं वर आला तो हातापायांवर ओरखडे आणि मूठ रिकामी. बार्बा-थोमासच्या दुकानात तारा तोडायची मोठी कात्री होती, पण दुकान बंद, सगळा गाव ऑलिव्ह झाडायला रानात. शेवटी शाळेच्या अडगळीतून लोखंड कापायची एक गंजकी करवत निघाली. साखळी ट्रॅक्टर ओढायची, तिला करवत लागेना. उरली माझी कडी.

एक वाजून दहा मिनिटं झाली होती.

"दे इकडे," लाम्बिस म्हणाला. "तुझ्यानं नाही व्हायचं. चूक माझीही आहे."

"मी फेकली. मीच कापणार."

आणि ती कापू लागली. खर्र, खर्र. दात माझ्या कडीत शिरले. दुखलं, खोटं कशाला बोलू? पण त्याहून जास्त संताप माझ्या मजबुतीचा आला. पाती मोडली. दुसरी लावली. तिच्या बोटांतून रक्त आलं, चष्मा घसरून पडला, लाम्बिसनं तो उचलून स्वतःच्या सदऱ्याला पुसला आणि गुपचूप तिच्या नाकावर बसवला. हेडसर घड्याळ धरून मिनिटं सांगत होते आणि बाई फाटकाबाहेरून गज घट्ट धरून मला हलू देत नव्हत्या.

"सावकाश, मुली," त्या म्हणाल्या. "घाईत करवत अडकते."

"आणि दोन वाजले तर?"

"तर जानेवारीत अर्ज करेन आणि परत येईन. तू काप."

एक वाजून अठ्ठेचाळीस मिनिटांनी मी तुटलो. फाटक उघडलं. हेडसर त्या गुडघ्यांवर ऑफिसच्या तीन पायऱ्या कशा चढले देव जाणे. एक छप्पन्नला कागद गेला. मग बाई सरळ शेवटच्या वर्गात शिरल्या. फळ्यावर गारिफालियाचं अर्धवट गणित तसंच होतं. त्यांनी ते वरून खाली वाचलं.

"कोणी सोडवलंय?"

"मी," गारिफालिया दारातून म्हणाली. मी तिच्या हातात होतो.

"चौथ्या ओळीपर्यंत बरोबर आहेस. बस. पाचवी आपण मिळून करू."

तेव्हा ती रडली. फाटकाशी रडली नव्हती, तिथे रडली, अगदी मोठ्यानं, लहान मुलासारखी. वर्गात कोणी हसलं नाही.

तेव्हापासून मी खणात गेलोच नाही. कडी कापलेला, मी याच वर्गातल्या टेबलावर वह्यांवर वजन म्हणून असतो. वारा आला की कागद फडफडतात आणि मी त्यांना धरून ठेवतो. हिवाळाभर बाईंचं शिकवणं ऐकलं. अर्ध्याहून जास्त मला कळलं नाही. बाई हंगामी, जूनअखेर जाणार, पुढच्या वर्षी यादी त्यांना कुठे फेकेल ते त्यांनाही माहीत नाही. त्याचीही काळजी आहेच.

पण आज त्या काळजीचं नाव काढू नका. आज जूनमधला तो दिवस आहे. सकाळी सहाला बाई त्या निळ्या गाडीत गारिफालिया, लाम्बिस आणि आणखी दोघांना कोंबून खाली शहरात घेऊन गेल्या. आज गणिताचा पेपर. निघताना गारिफालिया वर्गात आली, मला उचललं, काही न बोलता खाली ठेवलं आणि गेली.

आता चार वाजत आलेत. वर्ग रिकामा आहे. गाडीचा आवाज नाही. मला पाय असते तर कधीच वळणापर्यंत जाऊन आलो असतो. खालच्या वाटेनं कोणी येत असाल तर कृपा करून थांबू नका, सरळ वर या आणि मला एवढंच सांगा, तिला पेपर कसा गेला?