शेवटचे चार आकडे

मला ओंगळ काम सहन होत नाही. घरात तसंच, ऑफिसात तसंच. मलेशियातल्या बायान लेपासच्या आमच्या कंपनीतून खू अंकल निवृत्त झाले आणि त्यांचं सॉफ्टवेअरचं अवजार माझ्या गळ्यात पडलं, तेव्हा ते म्हणालेही होते, "सुराया, तुझ्या हाती झाडू दिला तर तू समुद्रसुद्धा झाडशील."

आम्ही मासेमारी होड्यांसाठी मदतीची पेटी बनवतो. संकटात लाल बटण दाबलं की उपग्रहावरून किनाऱ्याला हाक जाते. पेटीत नवा प्रोग्राम घालायचा तर त्याची गठडी बांधावी लागते. गठडीवर त्याची लांबी आणि सगळ्या आकड्यांची बेरीज लिहायची. पेटी चालू होताना तिच्यातला बूटलोडर, म्हणजे पेटी सुरू करणारा छोटा कायमचा प्रोग्राम, ती बेरीज स्वतः करून ताडून बघतो, आणि जुळली नाही तर पेटी चालूच होत नाही. ही गठडी बांधणारं अवजार म्हणजे अंकलची वीस वर्षांची मेहनत.

त्या अवजारात बेरीज करताना शेवटचे चार आकडे सोडून दिलेले मला दिसले. का, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं. सरळसरळ चूक! मी ती दुरुस्त केली, टेबलावरच्या सगळ्या पेट्यांवर तपासली, सगळ्या चालल्या. चालणारच होत्या. त्या नव्या होत्या, आणि नव्या पेट्या ही बेरीज बघतच नाहीत, त्यांची तपासणी वेगळी. ऑफिसात जुनी पेटी एकच उरली होती, ती कपाट आवरताना मीच भंगारात दिली होती. अति शहाणा त्याचा बैल रिकामा.

सोमवारी होड्या धक्क्याला असताना नवा प्रोग्राम गेला. मंगळवारी सकाळी एकतीस जुन्या पेट्यांपैकी एकीनेही किनाऱ्याला रोजची हजेरी लावली नाही. मी अंकलना फोन केला.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "चूक अवजारात नाही गं. जुन्या पेट्यांचा बूटलोडर मी लिहिला होता. त्यानेच बेरजेत चार आकडे कमी धरले. मला कळलं तेव्हा पेट्या कारखान्यातून गेल्या होत्या, आतलं काही बदलता येत नव्हतं. मग अवजारालाही तीच चूक शिकवली."

"आणि लिहून का नाही ठेवलंत?"

"लाज वाटली."

झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ना, तसं. मला त्यांचा संताप आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा.

बंद पडलेल्या पेटीला लांबून काही पाठवता येत नाही, वायर लावून हातानेच जिवंत करावी लागते. तीस होड्या सापडल्या. एकतिसावी पाक सालेहची, म्हणजे कोळी सालेहकाकांची, पहाटेच खोल समुद्रात गेलेली. त्यांच्याकडे वायरलेस नव्हता, फोनला रेंज नव्हती, ती पेटीच काय तो आधार. सागरी पोलिसांना आम्ही खरं ते सगळं सांगितलं. ते लगेच निघाले, पण नेमकं कुठे शोधणार?

गुरुवारी दुपारी मी आणि अंकल पाक सालेहची होडी जिथे लागते त्या क्वाला केडाच्या धक्क्यावर उभे होतो. होडी दिसली आणि मला रडू फुटलं.

"आता रडतेस काय वेडे, आली ना!" अंकल म्हणाले.

होडी लागली. फळ्यांवर सारोंगच्या लुंगीत गुंडाळलेला एक माणूस होता. पाक सालेहचा धाकटा भाऊ रोस्दी.

"काल सकाळी छातीत कळ आली त्याच्या," पाक सालेह म्हणाले. "बटण दाबलं. हाक गेल्याचा दिवा दिसला नाही. म्हटलं, उन्हामुळे दिसत नसेल."

अंकल पुढे झाले. "पेटी बंद होती, पाक सालेह. चूक माझी आहे."

"बंद मी पाडली," मी म्हणाले.

त्यांनी दोघांकडे पाहिलं.

"लांगकावी बेट चार तासांवर होतं," ते हळू म्हणाले. "तिथे हॉस्पिटल आहे. रोस्दी म्हणत होता, आबांग, दादा, निघू या. मीच म्हटलं, गप पडून राहा. पेटी बसवताना तुमच्याच माणसांनी बजावलं होतं, बटण दाबल्यावर जागा सोडायची नाही, नाहीतर मदत चुकेल." त्यांनी भावाच्या तोंडावरचं कापड सारखं केलं. "सहा तास थांबलो. जागा नाही सोडली आम्ही."