आजोबांच्या फोनवरची चिठ्ठी

अशी कल्पना करा, की तुम्ही नऊ वर्षांचे आहात, शाळेतून घरी आला आहात, आणि दार नुसतं लोटलेलं आहे. आत पंखा गरगरतोय. दाराजवळच्या कोपऱ्यात रोज दोन मोठ्या चपला असतात, तिथे आज मोकळी फरशी आहे. हाक मारून बघा बरं. मारलीत? कोणी ओ दिली नाही ना? त्या दुपारी टिकलीचंही अगदी असंच झालं.

चपला तिच्या आजोबांच्या. त्यांनी पस्तीस वर्षं घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचले होते. आता मात्र सकाळी काय खाल्लं ते त्यांना दुपारी आठवत नसे. दोन महिन्यांपूर्वी ते असेच निघून गेले आणि मोठ्या रस्त्याच्या मधोमध, ट्रकांच्या रांगेत उभे असलेले सापडले. आईने तेव्हा धसकाच घेतला. तिने त्यांना नवा फोन आणून दिला आणि त्यात नकाशाचं एक अ‍ॅप घातलं. आजोबा जातील तिथे आईच्या फोनवर एक निळा ठिपका सरकायचा. आई लाँड्रीत इस्त्री करायची. दर तासाला ठिपका बघायची आणि मगच पुढचा शर्ट हातात घ्यायची.

पण तो नवा फोन पक्का खादाड निघाला. सकाळी काठोकाठ भरलेली बॅटरी दुपारी दोनलाच मान टाकायची. दुकानदार म्हणाला, नवा आहे, रुळेल हळूहळू. तो काही रुळला नाही. शेवटी टिकलीने आजोबांनाच विचारलं, आणि जुन्या कामाचं नाव निघताच आजोबांचे डोळे लकाकले. त्यांनी सांगितलं, मीटर पळतोय म्हणून मीटरवर चिडायचं नाही, एकेक बटण बंद करून बघायचं की घरात जास्त कोण खातंय. पुढे ते एका आजारी बाईंचं काहीतरी सांगत होते, पण टिकलीचं बोट तोवर फोनच्या सेटिंगमध्ये शिरलं होतं. तिथे यादीच होती. सगळ्यात वर नकाशा, एकेचाळीस टक्के!

आज शाळेला निघताना तिने चोर पकडल्याच्या ऐटीत नकाशा बंद करून टाकला. निळा ठिपका आईच्या फोनमध्ये राहतो, असा तिचा समज होता. संध्याकाळी बॅटरी बघून आई चकित होईल, म्हणून ती कोणाला काही बोललीही नाही.

आता तिने घरातल्या जुन्या मोबाइलवरून आजोबांना फोन लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला. मग आईला लावला.

आईने ठिपका बघितला आणि म्हणाली, अगं, ते घरातच आहेत, नीट बघ. टिकलीने न्हाणीघर बघितलं, पलंगाखाली बघितलं. कोणी नव्हतं. मग गच्चीवर असतील, आई म्हणाली. टिकली धापा टाकत गच्चीवर गेली. तिथे दोरीवर वाळत घातलेल्या चादरी तेवढ्या हलत होत्या.

आईचा आवाज एकदम बारीक झाला. "पाण्याच्या टाकीचं झाकण लावलेलं आहे का? जवळ जाऊ नकोस. लांबूनच बघ."

टिकलीने लांबूनच मान उंच करून बघितलं. झाकण लावलेलं होतं.

"मग गेले कुठे?" आई स्वतःशीच पुटपुटली. "ठिपका तर घरावरच आहे. बॅटरीसुद्धा अठ्ठ्याण्णव टक्के दाखवतेय."

दुपारी साडेतीनला अठ्ठ्याण्णव? अठ्ठ्याण्णव तर सकाळी होती. म्हणजे नकाशा बंद केल्यापासून तो ठिपका जागचा हललाच नव्हता. तिला वाटलं, गप्प बसावं, कोणाला कळणार आहे. पण गप्प बसलं तर आई ठिपक्यावर विसंबून इथेच शोधत राहणार, आणि तिकडे ट्रक काही थांबणार नव्हते.

"आई, ठिपका खोटा आहे. मी सकाळी तो बंद केला."

पलीकडे इस्त्री खाडकन खाली ठेवल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, मी निघाले, वीस मिनिटं लागतील, तू खालच्या शिंपीकाकांना घेऊन शोधायला लाग.

शिंपीकाका म्हणाले, आजोबा तासाभरापूर्वी काखेत वही मारून गेले, मी विचारलं तर म्हणाले, ड्यूटीवर निघालोय. म्हणजे मीटर वाचायला! टिकलीला त्यांची पद्धत पाठ होती. आधी रस्त्याची एक बाजू संपवायची, टोकाला वळायचं आणि दुसऱ्या बाजूने परत यायचं. पण ते टोक म्हणजेच मोठा रस्ता होता.

दोघं प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली वाकून बघत पळाली. पहिली, दुसरी, पाचवी. ट्रकांची घरघर वाढत चालली. शेवटच्या इमारतीत मीटरच्या खोलीला बाहेरून कडी होती. कोणीतरी दार उघडं बघून ती सहज लावली असावी. टिकली पुढे जाणार, तोच आतून बारीक ठकठक ऐकू आली.

काकांनी कडी काढली. आजोबा अंधारात एका उलट्या बादलीवर बसले होते. सदरा घामाने चिंब. त्यांनी टिकलीचं मनगट इतकं घट्ट धरलं, की तिला दुखलं.

"आकडे दिसेनात गं," ते म्हणाले. "आणि दार कुठे गेलं तेही कळेना."

त्यांच्या खिशातला फोन रुमालात गुंडाळलेला होता, त्याची घंटी त्यांना ऐकूच गेली नव्हती. बॅटरी भरपूर होती.

घरी आल्यावर आई रागावली नाही. ती आजोबांजवळ बसून राहिली, आणि तेच टिकलीला जास्त लागलं. तिने आजोबांना विचारलं, त्या आजारी बाईंचं काय सांगत होतात? आजोबा म्हणाले, त्यांचा मीटर फार पळायचा, पण त्या घरात श्वासाचं मशीन होतं, म्हणून मी मीटरवर 'वीज तोडू नका' अशी चिठ्ठी चिकटवली होती.

टिकलीने फोन घेतला आणि आधी नकाशा चालू केला. आईच्या फोनवर ठिपका घरावरच दिसत राहिला, पण या वेळी तो खरा होता. मग ती यादी घेऊन आजोबांच्या शेजारी बसली. पडद्याचा झगझगीत उजेड अर्ध्यावर आणला, हलणारं चित्र काढून टाकलं, आपोआप सुरू होणारे व्हिडिओ बंद केले. प्रत्येक वेळी ती आईला विचारायची, याचं काम काय, आणि मगच बोट लावायची.

शेवटी तिने वहीचा एक कोपरा फाडला, त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं, 'नकाशा तोडू नका', आणि ती चिठ्ठी फोनच्या पाठीवर चिकटवून टाकली.