अकरा दाखले कमी

पेनिनाला तिच्या कुळाने प्रमुख केलं आणि फोनोइवासा हा किताब दिला, त्याला आता पाच वर्षं झाली. किताब मिळाला की आमच्या बेटांवर नाव बदलतं. पेनिना इओसुआची फोनोइवासा झाली आणि तिचे निबंधही त्याच नावाने छापून येऊ लागले. यात तिचं काय चुकलं? काही नाही. पण आमच्या अपियाच्या संशोधन केंद्रात माणसं मोजायला एक यंत्र आहे, आणि त्या ठोंब्याला किताब कळत नाहीत.

पेनिना अळूवरच्या करप्यावर काम करते. ज्या रोगाने एका हंगामात आमची शेतं काळी पडली, तो न लागणारं वाण तिने वीस वर्षं खपून काढलं. यंदा तिची नेमणूक कायम व्हायची होती, नाहीतर कंत्राट संपून घरी. अट एकच. जगभरच्या संशोधकांनी आपापल्या निबंधांत तिच्या कामाचा दाखला मिळून दोनशे वेळा तरी दिलेला हवा. अर्ज भरायचं काम माझ्याकडे, कारण मी तिथला ग्रंथपाल.

यंत्राने दोन बायका दाखवल्या. इओसुआ, एकशे चाळीस. फोनोइवासा, नव्वद. खाली शेरा होता, ‘फोनोइवासा ही इओसुआचे दाखले फार वेळा देते. संगनमताची शक्यता.’

मी हसत सुटलो.

“फिलिपो, दात काय काढतोस?” पेनिनाने विचारलं.

“तुझं तुझ्याशीच साटंलोटं आहे म्हणे.”

“आहेच मुळी. जन्मापासून एका ताटात जेवतो आम्ही दोघी.”

मी ‘दोघी एकच’ अशी खूण केली. आकडा दोनशे तीस झाला. मी टाळी द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात तो एकशे एकोणनव्वदवर आला. स्वतःच स्वतःचे दिलेले दाखले धरत नाहीत, म्हणून एक्केचाळीस वजा. अकरा कमी!

“खूण काढून टाकू?”

“मग दोघी वेगवेगळ्या नापास होऊ.” ती खिडकीबाहेरच्या वाफ्यांकडे बघत राहिली. “नवी रोपं अजून दोन पावसाळे बघायला हवीत रे. मी गेले तर त्यांच्याकडे कोण बघणार?”

फार वाईट वाटलं मला.

रविवारी मी सवाई बेटावर, गावी जेवायला गेलो आणि तावितामामाजवळ मन मोकळं केलं. तावितामामा म्हणजे गावाचा वक्ता. सभेत गावातर्फे तोच बोलतो. “आपल्या फोनोइवासाला अकरा दाखले कमी पडले,” मी म्हटलं. “स्वतःचे चालत नाहीत. दुसऱ्यांचेच लागतात.”

मामाने हातातला घास खाली ठेवला. “अकराच ना? मग रडतोस काय?”

नेमणूक ठरवणाऱ्या समितीच्या बैठकीच्या दिवशी पहिल्या बोटीने सवाईच्या अकरा गावांचे अकरा वक्ते आले, पुढे मामा. मामाच्या हातात वक्त्याची काठी, खांद्यावर चवरी आणि प्रत्येकाच्या काखेत एकेक गलेलठ्ठ अळकुडी. पडद्यावर वेलिंग्टनहून अध्यक्षबाई, डॉक्टर प्रिचर्ड, अवाक होऊन बघत होत्या. आमचे संचालक टेबलाकडे बघत बसले. काठी टेकवून उभ्या राहिलेल्या वक्त्याला गप्प करण्याची त्यांची काय टाप!

“करप्याच्या साली माझ्या घरात आठ महिने विकतचा भात शिजला,” मामा म्हणाला. “म्हातारी आई अळू मागायची. मागता मागताच गेली. मग मी फोनोइवासाने दिलेली रोपं लावली. आज माझी नातवंडं अळकुडी बघून नाक मुरडतात, इतकी पिकते. हा माझा दाखला. लिहा!”

मग दुसरा उठला, मग तिसरा. अकराही झाले. पेनिना मान खाली घालून रडत होती.

प्रिचर्डबाईंनी चष्मा काढला. “यातलं कुठे काही छापून आलंय का हो?” त्यांचा आवाज असा होता, की जणू कोणीतरी हो म्हणेल याच आशेवर त्या होत्या.

“नाही,” पेनिना म्हणाली.

“मग मला ते मोजता येत नाही.”

कायम नेमणूक नाही, एक वर्षाची मुदतवाढ. माझ्या ओठांवर शिवी आली होती. पण त्या बाईंवरचा राग काही टिकला नाही. त्यांनाही कुठेतरी कोणी मोजतच असेल.

त्याच वर्षी पेनिनाचा नवा निबंध आला. शेवटच्या यादीत अकरा दाखले होते, प्रत्येक वक्त्याचं पूर्ण नाव, गाव आणि पुढे ‘तोंडी साक्ष’. संपादकांनी कळवलं होतं, की यंत्र हे धरणार नाही, कोणाचाच आकडा वाढणार नाही, तेव्हा काढून टाकू का? तिने उत्तर दिलं, “राहू द्या.”

छापील प्रत घेऊन मी गावी गेलो. मामाला आता नीट दिसत नाही. त्याने स्वतःच्या नावाची ओळ माझ्याकडून तीनदा वाचून घेतली आणि मग म्हणाला, “आता बाकीच्या दहांची वाच.”