पोटाशी शिवलेला हात

खण्णकन झाकण पडलं, आणि दुपारभर तोंडाला कुलूप लावून बसलेलं घर दचकलं.

"गुंडे, तू का गं तिकडे?" आईनं खुर्चीतूनच विचारलं.

स्वयंपाकघरातून उत्तर आलं नाही. चार वर्षांची गुंडी गप्प झाली की समजावं, काहीतरी उद्योग चाललाय. पण उठायचं म्हणजे आईला आधी दम धरावा लागे. अठरा दिवस तिचा उजवा हात पोटाशी शिवलेला होता. अगदी दोऱ्यानं शिवलेला.

कारखान्यात पत्र्याचे डबे ठोकणाऱ्या प्रेसनं तिचा अंगठा नेला होता. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय ते यंत्र खाली येत नसे. पण काम भराभर उरकावं म्हणून सगळ्याच बायका एका बटणात पुठ्ठ्याची पाचर मारून एक हात मोकळा ठेवायच्या, तसा तिनंही ठेवला. सर्जननं तिच्या कमरेच्या हाडाचा तुकडा अंगठ्याच्या जागी बसवला आणि ओटीपोटाची कातडी, एका बाजूनं पोटाला जोडलेलीच ठेवून, त्याभोवती गुंडाळली.

"एकवीस दिवस हा पोटाच्या रक्तावर जगणार," तो म्हणाला होता. "पोर वाढवलंस ना पोटात? तसंच हे समज. मग सोडवू, आणि तू पुन्हा चिमटीत सुई धरशील. फक्त हिसका बसता कामा नये." म्हणून हात कमरेशी बांधून ठेवणारा रुंद पट्टा दिला होता.

तो पट्टा आत्ता अंगणातल्या दोरीवर वाळत होता.

"उंदीर मेल्यासारखा वास मारतोय," सकाळी सासूनं नाकाला पदर लावला होता.

"आत्याबाई, डॉक्टरांनी काढू नका म्हटलंय."

"त्याला कुठं आमच्या घरात जेवायचंय! महाराणी अठरा दिवस पोटावर हात ठेवून बसल्यात, अजून दोन तास बसा. काय मेलं जातंय?" सासूनं पट्टा सोडून धुतला. नवऱ्यानं मुकाट्यानं पिळून दोरीवर टाकला.

डाव्या हातानं उजवा कोपर सावरत ती दारापर्यंत गेली. ओट्याला स्टूल लावून गुंडी चवड्यांवर उभी होती. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर. आजीनं सांगितलं होतं, आई उठली की देईल. आई काही उठत नव्हती.

"गुंडे, खाली उतर!"

गुंडी दचकून वळली. स्टुलाचा पाय निसटला.

आईच्या हाताला कुठं ठाऊक, आपण शिवलेलो आहोत म्हणून! दोन्ही हात एकदमच पुढे गेले. गुंडी अलगद झेलली गेली, अंगावर ओरखडासुद्धा नाही. मग आईला पोटावरून काहीतरी ऊनऊन वाहत असल्यासारखं वाटलं.

सर्जननं लगेच पुन्हा टाके घातले. पण चौथ्या दिवशी अंगठा जांभळा झाला, सहाव्या दिवशी डांबरासारखा काळा. तो काढावाच लागला, आतल्या हाडासकट.

"तीनच दिवस राहिले होते!" सर्जन चिडला. "पट्टा कुणी काढला?"

"या भवानीनं," सासूनं गुंडीच्या डोक्यावर टिचकी मारली. "सारखी ओढायची."

नवरा खिडकीबाहेर बघत राहिला. आईनं तोंड उघडलं. सासूनं तिच्याकडे असं पाहिलं, की तिला घरी गेल्यावरची भाकरी, आंघोळ, केस, सगळं आठवलं. आता सगळं दुसऱ्याच्या हातानं व्हायचं होतं. तिनं तोंड मिटलं.

"शहाणी आहेस!" सर्जन गुंडीला म्हणाला. "मग आता आईची बटणं तूच लाव."

घरी आल्यावर गुंडीनं ते मनावर घेतलं. खुर्चीसमोर उभी राहून, जीभ बाहेर काढून, ती आईच्या झग्याची बटणं लावू लागली. एक वरचं खालच्या काजात गेलं. पुन्हा काढलं. नव्यानं लावलं. बँडेजच्या बोळ्याला धक्का लागू नये म्हणून मधूनमधून श्वाससुद्धा रोखत होती.

"लागतं का?"

"नाही गं, सोन्या."

"मी पट्टा ओढला नव्हता."

"हं."

शेवटचं बटण लागलं. गुंडीनं त्यावरून हात फिरवला आणि वर पाहिलं.

"आई, तू मला पडू दिलं असतंस, तर तुझा अंगठा राहिला असता ना?"